डोहाचा पत्ता

आमच्या डोहाचा पत्ता जगजाहीर झाल्याचं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. जळालेली मोटर टेबलावर ठेवून तो मोबाइल बघत बसला होता. महाडच्या बाजारात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मी तांब्याची तार गुंडाळत होतो, आणि तो मधेच म्हणाला, "शेठ, तुम्ही गळ टाकायला जाता ना? हे बघा, पोलादपूरच्या वर काय मरळ काढलीय!"

मी बघितलं. टोपी घातलेला एक तरुण हातभर मरळ छातीशी धरून हसत होता. त्याच्यामागे पाण्यावर कललेलं जांभळीचं झाड होतं आणि झाडाखाली तो सपाट काळा दगड, ज्यावर बसून बसून माझ्या पँटी विरल्या आहेत. खाली लिहिलं होतं, "सीक्रेट स्पॉट". त्याच्याखाली नकाशाची लिंक. सीक्रेट म्हणायचं आणि वर लिंक द्यायची, ही अक्कल आजकालच कुठून आली आहे कोण जाणे.

गिऱ्हाईक गेल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मला मासा दिसतच नव्हता, फक्त दगड दिसत होता.

हा डोह सावित्री नदीवर, कापड्याच्या पुढं, आंबेनळी घाटाच्या वाटेला लागायच्या अलीकडे खाली उतरलं की लागतो. वर माझ्या मामाची वाडी आहे. डोहावर गावकीचा नियम आहे. वर्षभर तिथं कुणी जाळं टाकायचं नाही. शिमग्याची पालखी देवळात गेली की पुढच्या रविवारी सगळी वाडी मिळून डोहात उतरते, मोठं जाळं ओढते, आणि जे काही निघेल त्याचे वाटे होतात. एक चूल, एक वाटा. म्हातारी एकटी राहत असली तरी एक वाटा आणि घरात दहा माणसं असली तरी एकच. या नियमात मला सवलत होती. मी भाचा म्हणून मला एक गळ, एक काठी, आणि संध्याकाळच्या कालवणापुरते मासे, एवढी मुभा मामानं गावकीकडून मिळवून दिली होती. ती मी अनेक वर्षं पाळली. पाळली एवढंच नाही, जागाही राखली. वाटेत कुणी विचारलं, "कुठून आणलेत मासे?" तर मी उलट दिशेला, वीरकडे हात दाखवायचो.

म्हणजे हा पत्ता फुटला होता तो कुणीतरी फोडला म्हणूनच. धंद्यात मी एक शिकलो आहे. मोटर जळाली की गिऱ्हाईक म्हणतं, "काही केलं नाही हो, आपोआप जळली." आपोआप काही जळत नाही. कुणीतरी तीनपैकी एक फेज उडालेली असताना बटण दाबलेलं असतं. मग इथं बटण कुणी दाबलं?

माझ्याशिवाय हा डोह माहीत असलेला बाहेरचा माणूस एकच. माझा जोडीदार. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे, आणि गळाच्या नादाला मीच त्याला लावलं. माणूस चांगला, पण तोंडाला टाळं नाही. आयुष्यभर अनोळखी माणसांशी बोलण्याचा त्यानं पगार घेतला. पेढीवर उभा राहिला तरी शेजारच्याची सासुरवाडी काढून येतो. शिवाय तो गळवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये आहे. रोज सकाळी तिथं फुलांचे फोटो येतात आणि मधेच मासे.

मी त्याला थेट विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. मी फक्त म्हणालो, "पोलादपूरकडचा एक व्हिडिओ फिरतोय म्हणे."

"बघितला ना," तो म्हणाला. "मस्त मरळ आहे. आपल्याला कधी लागली नाही अशी."

"जागा ओळखलीस?"

"ओळखली तर. आपलीच." आणि हसला. "अरे, नदी आहे. तिचा काय सातबारा आहे तुझ्या नावावर?"

त्याचं ते हसणं मला बिलकूल आवडलं नाही. ज्याचा यात हात नाही तो माणूस चिडला असता.

मग मी सापळा लावला. गांधारी नदीच्या काठी एक जागा आहे, तिथं दिवसभर म्हशी पाण्यात लोळतात. त्या पाण्यात मासा तर सोडाच, बेडूकसुद्धा विचार करून उतरेल. मी कंडक्टरला एकट्याला गाठून, आवाज खाली करून सांगितलं की तिथं मोठ्या मरळी आल्यात, मी डोळ्यांनी बघितल्यात, आणि तुझ्या-माझ्यात राहू दे. आता ही जागा मोबाइलवर झळकली की चोर पकडला. मी रोज त्या टोपीवाल्याचं पान उघडून बघायचो. बायको म्हणाली, "तुमच्या डोळ्यांना आता चष्मा नाही, दुर्बीण लागेल."

जागा झळकली नाही. उलट एका सकाळी मी स्कूटरवरून पुलावरून जात होतो तर खाली कंडक्टर दिसला. छत्री उघडून, काठी धरून, म्हशींच्या मधोमध, एकटा. मी स्कूटर बाजूला घेऊन बराच वेळ बघत राहिलो. तो शांत बसला होता. एक म्हैस अगदी त्याच्या गळाच्या तरंगत्या बुचावर जाऊन बसली तरी हलला नाही.

दुसऱ्या माणसाचं मन तिथंच निवळलं असतं. कुणाला काही न सांगता गेला, म्हणजे सच्चा आहे. पण मला वाटलं, की त्याला सापळा कळला असेल, आणि मला दाखवायलाच बसला असेल. संध्याकाळी तो दुकानात आला आणि म्हणाला, "तू म्हणालास ते खरं आहे रे. मोठी मरळ होती. हुकली जराशी."

म्हशींच्या गाळातून मरळ हुकली! इतकं सराईत खोटं बोलणारा माणूस काय काय करू शकत असेल? मी त्याला चहा पाजला आणि मनातल्या मनात त्याच्यावरचा गुन्हा पक्का केला. त्यानंतर मी त्याच्याबरोबर जाणं टाळायला लागलो. त्याचा फोन आला की दुकानात गर्दी आहे म्हणायचो. दुकानात तेव्हा पंख्याशिवाय काही हलत नसायचं.

डोहावर मात्र मी जात राहिलो, आता मासे धरायला कमी आणि पहारा द्यायला जास्त. आणि पहाऱ्यात दिसायचं ते चांगलं नव्हतं. दगडापाशी बाटल्या. वेफर्सची पाकिटं. झुडपात अडकलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. एकदा तर वाळूत लांब बांबू सापडला, त्याच्या टोकाला वायर गुंडाळलेली. वायर कशाची ते मला कुणी सांगायला नको. बॅटरीचा करंट पाण्यात सोडला की मोठा मासा उताणा पडतो आणि बोटाएवढी पिल्लं जागीच मरतात. मी वायर सोडून खिशात घातली. या शिमग्याला जाळ्यात गाळ आणि पालापाचोळाच येणार, वाडीचे वाटे रिकामे राहणार, हे मला लख्ख दिसायला लागलं. आणि तेव्हा मामा माझ्याकडे बघेल. बाहेरचा माणूस मीच तर आणला होता तिथं.

म्हणून मी आधीच मामाकडे गेलो. मामा पडवीत झापं बांधत बसला होता. मी वायर त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, व्हिडिओ, लिंक, बाटल्या, आणि शेवटी कंडक्टर.

मामानं वायर उलटीपालटी केली. "ही खालच्या गावातली पोरं. पयल्यापासून करतात. त्यांना नकाशा कशाला लागतोय रे? त्यांचं जल्म हितलं."

"पण पत्ता कुणी टाकला, मामा? लिंक उघडली की ती जागा नकाशावर नावानिशी येते. फोटो आहेत वाट्यांचे. आतल्या माणसाशिवाय..."

"आमीच टाकला."

मला वाटलं, माझे कान वाजले.

"आपल्या वाडीच्या मुंबईच्या मंडळाला मीच सांगितला, टाका म्हनून," मामा म्हणाला. "पोरा तिकडंच जल्मलेली. वीर टेसनाला उतरतात, रिक्षा करतात, म्होरं जीपवाला भलत्याच वाडीत सोडतो. दोन घरची मानसं गेल्या टायमाला आंबेनळीच्या वळनापतुर जाऊन परत फिरली. मंग मंडळातली एक पोरगी बोलली, आजोबा, मॅपवर टाकू. मासळीचं फोटू पन टाकू, म्हंजे पोरांना यावंसं वाटंल. टाका म्हटला."

"अख्ख्या जगाला दिसतं ते, मामा!"

"दिसू दे की. घरच्यांना दिसायला हवा ना?"

मी वाद घातला. मासे संपतील म्हणालो. ज्याला त्याला कळलेली जागा राहत नाही म्हणालो. ग्रुपमध्ये ठेवता आलं असतं, चौघांत ठेवता आलं असतं. मामानं ऐकून घेतलं आणि मग वरच्या आळीकडे हात केला. तिथल्या घरांना कुलपं होती.

"चूल बंद असली तरी वाटा काढतोच आपन," तो म्हणाला. "मागल्या साली बंद घरांचं वाटं पानावरच ऱ्हायलं. न्यायला कोन नाय. सांजच्याला कुत्री खात व्हती. मासं राखून करू काय रे मी? एकट्यानं खाऊ?"

मी वायर उचलून खिशात घातली आणि रागारागानं निघालो. परतताना पोलादपूरच्या स्टँडवर वडापाव खात मी तो नकाशा उघडला. तिथं एक सोय असते, जागेबद्दल तक्रार करायची. "ही जागा अस्तित्वात नाही" असा पर्याय होता. मी तो दाबला. मामाची परवानगी घेतली नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. पोरांना रस्ता सांगायचा तर मी वीरला जाऊन पाटी धरून उभा राहीन, पण असं चव्हाट्यावर मांडणं मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. नकाशाचं उत्तर आलं की तुमची सूचना स्वीकारता आली नाही. इतके लोक तिथं जाऊन आले होते की जागा नाही म्हणणारा मी एकटाच उरलो होतो.

कंडक्टरला मी यातलं काही सांगितलं नाही. शिमगा झाल्यावर, "वाट्याच्या रविवारी येतोस का?" एवढंच विचारलं. तो लगेच तयार झाला. मी इतके दिवस का टाळत होतो ते त्यानं विचारलं नाही, आणि तेही मला जरा संशयास्पद वाटलं.

त्या रविवारी वाडीची जत्राच झाली होती. जीपा रस्त्यापर्यंत लागलेल्या. वरच्या आळीतली कुलपं निघाली होती आणि अंगणांत जीन्स वाळत होत्या. मुंबईची पोरं पँटी दुमडून पाण्यात उतरलेली, निसरड्यावर पडत होती, ओरडत होती. अशानं मासा राहील का, असं मी कंडक्टरला म्हणालो, पण तो केव्हाच पाण्यात होता. जाळं ओढलं. मासळी आली, पण पूर्वीसारखी नाही. शिंगट्या बऱ्या होत्या, वाम थोड्या, मरळी हाताच्या बोटांवर. मी मामाकडे बघितलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते त्याला दिसावं असं मला वाटत होतं. मामा मासे बघत नव्हता, माणसं बघत होता. हसून त्याचं तोंड मिटत नव्हतं.

माणसं इतकी झाली की नेहमीसारखं दगडावर पानं मांडून हाका मारणं जमेना. पत्त्यावरून अनोळखीही आले होते. तो टोपीवाला व्हिडिओवालाही आला होता आणि जाळं ओढताना सगळ्यात पुढं होता. हजर असेल त्याला विन्मुख पाठवायचं नाही, असं गावकीनं ठरवलं. मग रांगा झाल्या. वाडीच्या चुली वरच्या अंगाला, पाहुणे खाली पाण्याच्या अंगाला. आधी चुलींचं, मग पाहुण्यांचं.

मी वर उभा होतो. दरवर्षी तिथंच उभा राहतो, मामाच्या खांद्याला खांदा लावून, आणि तो वाटे लावता लावता एक पुडा माझ्या हातात कोंबतो. एक पोरगी रांगा लावत फिरत होती. पँट-शर्टातली, केस वर बांधलेले, घामाघूम. बहुतेक तीच, नकाशावाली. बंद घरांपैकीच एका घरातली असणार. मला बघून ती थांबली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "अंकल, गेस्ट लोकांची लाइन खाली आहे. तुम्ही पण मॅप बघूनच आलात ना?"

मी मामाकडे बघितलं. त्याच्यासमोर पानांची एवढी मोठी ओळ होती की त्याला मान वर करायला सवड नव्हती. "जा रे, बस खाली," तो म्हणाला. "येतोय तुजा बी."

मी खाली गेलो. पाहुण्यांत कंडक्टर आणि टोपीवाला गप्पांत रंगले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. अख्ख्या डोहाची मी राखण केली, आणि त्याच्यावर हक्क मात्र बहुधा पहिल्यांदाच आलेल्या त्या पोरीचा होता. ती चुकीचं काही बोलली नव्हती. माझी चूल महाडला आहे.

माझ्या पानावर दोन शिंगट्या आल्या आणि वामीचा एक तुकडा. शेजारच्या अनोळख्याच्या पानावरही तेवढंच. घरी आल्यावर बायकोनं पान सोडून बघितलं आणि म्हणाली, "यंदा एवढेच? मामांनी दिले ना?"

"मामानंच," मी म्हणालो.