समोरच्या काकांचं स्तोत्र

"माणूस असावा तर समोरच्या काकांसारखा. तोंडातून एक वावगा शब्द न्हाई कधी!"

गिरणीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई शेजारणीला सांगत होत्या. मी ज्वारीचा डबा घट्ट धरून खाली बघत राहिले. कारण आमच्या समोरच्या काकांइतक्या शिव्या देणारा माणूस अख्ख्या लातूर शहरात दुसरा नसेल, हे त्या गिरणीत मला एकटीलाच ठाऊक होतं. नळाला पाणी आलं नाही म्हणून ते शिव्या देतात, आणि आलं तर अवेळी आलं म्हणून देतात. मोटरीला देतात, पेपरवाल्याला देतात, पेपरात फोटो आलेल्या प्रत्येकाला देतात. फक्त देतात तेलुगूतून, आणि आमच्या कॉलनीत तेलुगू कोणालाच येत नाही.

काका मूळचे देगलूरकडचे. वडील मराठी, आई पलीकडची, तेलंगणातली. म्हणजे संस्कार वडिलांकडचे आणि शिव्या आजोळच्या. नोकरीसाठी ते लातूरला आले आणि इथं आजोळचा माल बिनधास्त उघडता येतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांची पद्धतही खास. शिवी देताना लोकांचा आवाज चढतो, काकांचा उतरतो. डोळे अर्धे मिटतात, हात जोडले जातात आणि चाल थेट मंत्रपुष्पांजलीची लागते. एकदा टँकरवाल्यानं गाडी मागं घेताना त्यांच्या फाटकाचा खांब पाडला. काकांनी हात जोडून त्याला, त्याच्या बापाला आणि त्याला लायसन देणाऱ्या साहेबाला असं काही सुनावलं, की तो खाली उतरून त्यांच्या पाया पडला. "काका, दुसरं कुणी असतं तर आईबहीण काढली असती. तुम्ही मंत्र म्हणलाव!"

काकू निलंग्याच्या. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं असणार आणि काकांनी काहीतरी सांगितलं असणार, कारण तेव्हापासून त्यांचा ठाम समज आहे: "त्यांच्या आजोळच्या देवाचं स्तोत्र हाय ते. लई कडक देव हाय, रोज म्हणावंच लागतंय." ऐकून ऐकून काकूंनाही त्यातले शब्द पाठ झाले. नातवाला भात भरवताना त्या लाडानं म्हणतात, "खा रे माझ्या पीनुगा, एकच घास." पीनुगा म्हणजे प्रेत. मराठीत 'मुडद्या' म्हणाल्या असत्या तर सुनेनं ताट आपटून माहेर गाठलं असतं. तेलुगूतलं प्रेत मात्र तिला इतकं गोड वाटलं, की तिनं त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला.

काकांना एकच गाव अडचणीचं, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं. मी शाळेत असताना त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही देगलूरला गेलो होतो. तिथं ज्याला त्याला दोन्ही भाषा येतात. नवरदेव उशिरा आला, वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं, काकांच्या चपला गेल्या. काका दिवसभर फक्त "अरे अरे" म्हणत राहिले. परतीच्या एसटीत मुखेडचा स्टँड मागं पडला आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढून जे सुरू केलं, ते थेट लातूर येईपर्यंत. कंडक्टरनं भक्तिभावानं त्यांच्या शेजारची सीट मोकळी ठेवली होती.

इंग्रजी शिव्यांना ते शिव्याच मानत नाहीत. गल्लीतल्या ट्यूशनमधून पोरं सुटली की म्हणतात, "ही पोरं शिव्या देतात का शिंकतात, काही समजंना." मला हे लागलं होतं, पण त्यात चूक काही नाही. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, त्यामुळे माझा रागसुद्धा इंग्रजी माध्यमातला. मी दिवसातून वीसदा 'शिट' म्हणते आणि आई शांतपणे पोळ्या लाटत राहते. तोच शब्द मराठीत म्हणाले तर ती लाटणं घेऊनच येईल.

मला काका लहानपणापासून 'मोद्दू' म्हणायचे. मी कोणाशी फारसं बोलत नसे, तरी फाटकातून आत शिरले की "ये मोद्दू" अशी हाक यायची. मला ते इतकं आवडलं होतं, की माझ्या पहिल्या ईमेलचा पत्ताही मी त्याच नावानं काढला. पुढं नोकरीसाठी दोन वर्षं हैदराबादला राहिले. खोलीतल्या दोघी तेलुगू मुलींनी तो पत्ता वाचला आणि त्या गादीवर लोळून हसल्या. मोद्दू म्हणजे लाकडाचा ओंडका, ठोंब्या. त्या दोघींनी मग मला उरलेली भाषाही शिकवली, आणि रिक्षावाल्यांशी त्यांची रोज जुंपत असल्यामुळे भाषेची सुरुवात कुठून झाली असेल ते सांगायला नको. लातूरला परत आले त्या सकाळी समोरच्या अंगणात स्तोत्र सुरू होतं. मी चहाचा कप हातात धरून खिडकीशी ऐकत राहिले. चहा गार झाला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. गुपित बाळगणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं. पण कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं 'मधुरवाणी' म्हणून काकांचा सत्कार ठरवला आणि शाल-नारळाचं तबक धरायला आईनं मला उभं केलं. नगरसेवक दीड तास उशिरा आले आणि काकांच्या गोड जिभेवर पाऊण तास बोलतच राहिले. त्यांनी या गल्लीसाठी दुसरं काही केलेलं नसल्यामुळे त्यांनाही तेवढाच विषय होता. काकांनी हात जोडले, डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरुवात केली. मराठीत साधारण असं: रेड्या, दीड तास आम्हाला उन्हात वाळत घातलंस, आता हा भोंगा बंद कर, नाहीतर हाच नारळ तुझ्या टाळक्यात फोडतो. नारळ माझ्याच हातात होता. मी फिसकन हसले. विनोद कळलेला माणूस वाक्य संपल्यावर हसतो, आणि मी नेमकी तिथंच हसले होते. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नगरसेवक आशीर्वाद घ्यायला वाकले होते, पण काकांचे हात तसेच जोडलेले राहिले.

त्या दिवसापासून स्तोत्र बंद झालं. मी दिसले की काका खाली मान घालून म्हणत, "काय ताई, जेवलात का?" मोद्दू नाही, ताई. आणि वर जेवलात! मला आयुष्यात इतकी मोठी शिवी कोणी दिली नव्हती. राग मात्र कुठं जाणार? तो मराठीतून पाझरायला लागला. काकांनी गॅसवाल्याला नुसतं "बावळट" म्हटलं, तर तो सिलिंडर फाटकाबाहेरच टाकून गेला. टँकरवाल्याला "डोळे फुटले का?" म्हटलं, तर तो रडवेला झाला. बाप काढला तेव्हा पाया पडलेला हाच माणूस. महिनाभरात कॉलनीनं ठरवून टाकलं की काकांचं वय झालं, जीभ सुटली.

मग एका दुपारी काकू वही-पेन घेऊन आमच्या घरी आल्या. मागोमाग काकाही आले आणि उंबऱ्याशीच थांबले. "अगं, यांचं बीपी लई वाढायलंय," काकू म्हणाल्या. "स्तोत्र सोडलं तवापासून हे असं हाय. का सोडलं ते बी सांगंनात. तू हैदराबादला होतीस न्हवं? तुला येत आसंल. ते सगळं अर्थासकट लिहून दे, यांच्या नावानं मी म्हणते रोज."

काकांनी चौकट धरली होती. चाळीस वर्षांचा संसार त्या कोऱ्या पानावर होता आणि पेन माझ्या हातात. ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. इतके म्हातारे ते मला कधीच दिसले नव्हते.

मी पेनला टोपण लावलं आणि काकांनाही नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "काकू, मला तेलुगू येत नाही."