तापीकाठचं ऊन

आज जळगावच्या फ्लॅटमध्ये नळाला गढूळ पाणी आलं, आणि त्या मातकट वासासरशी मी तापीकाठच्या आमच्या घरी जाऊन पोचले.

भाद्रपदातलं लख्ख ऊन होतं. अंगणात वाळत घातलेल्या उडदाच्या शेंगा तडकत होत्या. माझी आत्या, अक्का, नदीवरून कळशी घेऊन आली. "आबा, पानी लाल व्हयी गयं. वर पाऊस पडना व्हई."

"इतलं ऊन पडेल शे. सुकू दे बठ्ठं," आजोबा सगळ्या शेंगांकडे हात करत हसले.

अक्कानं शेंगांचं गाठोडं बांधलं आणि आम्हा पोरांना टेकडीवरच्या देवळात नेलं. आम्हाला ती सहलच वाटली. वळून पाहिलं तर आबा ओट्यावर उन्हात बसून हात हलवत होते.

दुपारी पुन्हा पाहिलं, तेव्हा घराच्या जागी नुसतं लाल पाणी होतं, आणि त्यावर तेच लख्ख ऊन.