शांतावहिनीचा फोल्डर

काल भास्करची तेरवी जेवून आलो, पण त्याच्यावरचा राग काही उतरला नाही.

मेला म्हणून राग नाही. मरण कुणाला चुकलंय? राग आहे तो त्याच्या गप्प बसण्याचा.

या ग्रुपात ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भास्कर आमच्या सुलतानपूरचा. कापूसवाला शेतकरी, आणि गाण्याचा भलता नादी.

लग्नपत्रिका टाइप करणारं एक डीटीपीचं दुकान बंद पडलं तेव्हा त्यानं तिथला जुना विंडोजचा कॉम्प्युटर उचलून आणला. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, चाचपडत चाचपडत थोडंफार शिकलो होतो. रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या डब्यापुढं.

त्यात सिनेमाची गाणी होती, भजनं होती, कव्वाल्या होत्या.

पण त्याची खरी इस्टेट वेगळीच.

वेचणीची गाणी.

पूर्वी आमच्याकडे बाया कापूस वेचताना गायच्या. मग बीटी कापसाचं बियाणं आलं. बोंडं एकदमच फुटायला लागली, वेचणीची घाई सुरू झाली, मजुरी किलोवर गेली. गाण्यात दम कोण घालवणार?

एकेक वावर मुकं होत गेलं.

भास्करच्या ते लवकर ध्यानात आलं. मोबाईल घेऊन तो धुऱ्यावर, बांधावर बसायचा. ज्या दोन-चार बाया अजून गायच्या त्यांना रेकॉर्ड करायचा, कॉम्प्युटरात टाकायचा, मोबाईल रिकामा करून पुन्हा वावरात.

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग शांतावहिनीचं. त्याची बायको.

ती गाता गाता मधेच त्याला झापायची, "ते डबडं ठेवा न बाजूले. बाया हासून राह्यल्या."

तेही रेकॉर्ड झालेलं.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही सोडलं नाही आणि लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, रोटावेटर घातला, त्याच वर्षी वहिनी तापाचं निमित्त होऊन गेली.

मग भास्कर रोज तो फोल्डर लावायचा. मी बाहेर ओट्यावर बसून राहायचो.

आता घात कसा झाला ते ऐका.

त्या कॉम्प्युटरात डीटीपीवाल्याचा जुना मराठी फॉन्ट होता. भास्करनं तोच सगळ्या स्क्रीनला लावून टाकला, म्हणजे फाइलींची नावं मराठीत दिसतील. आम्हाला वाटायचं, नावं मराठीतच आहेत.

नव्हती. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा सदरा. आम्हाला 'शांता' दिसायचं, आत होतं kkark असलं काहीतरी.

मोबाईलच्या कार्डात गाणी भरली की नावं वेडीवाकडी दिसायची. आम्ही म्हणायचो, मोबाईलच भिकार.

मग त्याचा पोरगा निलेश पुण्याहून आला. गुणाचं पोरगं. बापाचा कॉम्प्युटर सारखा अडकतो, व्हायरसनं भरलाय, म्हणून स्वतःच्या पगारातून लॅपटॉप घेऊन आला. लिनक्सवाला. याला व्हायरसची कटकट नाही म्हणाला. गाणी त्याच्यावर नेली, जुना डबा फॉरमॅट केला आणि मेहकरच्या भंगारवाल्याला देऊन टाकला.

तो गेल्यावर आम्ही लॅपटॉप उघडला. सिनेमाची गाणी होती, भजनं होती, कव्वाल्याही होत्या.

वेचणीचं एकही नव्हतं.

भास्करनं फोन लावला. निलेश म्हणाला, एक फोल्डर नुसता कचऱ्यानं भरला होता. नावं वाचता येईनात, फाइली वाजेनात. व्हायरसच असणार, म्हणून पुसला. जुन्या मोबाईलच्या रेकॉर्डिंगच्या फाइली त्या नव्या लॅपटॉपला ओळखताच येत नव्हत्या, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

भास्करनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बरं केलं बाबू. लय मस्त चालू राह्यला लॅपटॉप."

फोन ठेवल्यावर मी भडकलो. काऊन नाही सांगतलं बे त्याले?

"काय सांगू? तुह्या मायचा आवाज तूच पुसला, असं सांगू? त्याले अजून लय जगायचं हाये."

आणि मला शपथ घातली.

त्यानंतर तो मोटरसायकल काढून फिरायला लागला. बीबी, हिवरा आश्रम, जिथून जिथून त्याच्याकडे बाया वेचायला यायच्या तिथं तिथं. पूर्वी तो त्यांना गाण्यांचं मेमरी कार्ड फुकट भरून द्यायचा, त्यात वेचणीचीही गाणी असायची. एखादीकडे जुनं कार्ड राहिलं असेल, एवढीच आशा.

कुणाचा मोबाईल विहिरीत पडलेला, कुणी विकून टाकलेला.

लोक हसायचे. बायको मेली अन् म्हातारा बायांचे मोबाईल मागत फिरते, असं तोंडावर बोलायचे. त्यातलेच काही जण आज ग्रुपात त्याच्या फोटोखाली हात जोडून उभे आहेत. नावं लिहीत नाही. तुमची तुम्हाला ठाऊक आहेत.

काल पंगत उठल्यावर निलेश माझ्याजवळ येऊन बसला. "काका, बाबा गावोगाव कार्डं काऊन मांगत होते?"

शपथ घालणारा गेला. मी सांगून टाकलं.

पोरगं भिंतीला टेकून बसलं. मग बोललं.

"काका, तवाच सांगतलं असतं तर निघालं असतं. पुसलेलं लगेच जात नाही. डबा तर मेहकरातच पडून होता."

हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, पुसलं म्हणजे गेलं.

पाहिलंस भास्कर? पोराला दुखू नये म्हणून तू तोंड शिवून घेतलंस, आणि हाती लागलं असतं तेही घालवलंस. दुखायचं ते त्याला आज दुखलंच. उलट आता दुप्पट.

मी निलेशला म्हटलं, हे ग्रुपात लिहायचं राहू दे, चार लोकांत नको. तो म्हणाला, "नाही काका, लिहा. माह्यं नाव घालून लिहा. झाकून कोनाचं भलं झालं?"

म्हणून लिहिलं.

भास्करच्या वावरात ज्या मायबहिणींनी कापूस वेचला, त्यांच्या लेकरांनो, घरातल्या पेट्या उघडा, फडताळं पाहा. बटणाचा जुना मोबाईल असेल, नखाएवढं कार्ड असेल, चालत नसलं तरी फेकू नका. निलेश स्वतः घ्यायला येईल.

भास्कर, पोराला सगळं कळलं रे. आता बोल म्हणावं, तर तू नाहीस.

रामराम घे, दोस्ता.