स्टँडवरचा फ्लेक्स

नव्या फ्लेक्सला रॉकेलसारखा उग्र वास येतो, आणि तो आला की मला आमच्या गावचा, निंबर्ग्याचा एसटी स्टँड आठवतो. एमबीबीएसला सर्जरीत मी कॉलेजात पहिली होते, पण पीजीच्या प्रवेशपरीक्षेत कशीबशी पात्र ठरले. तरी हट्टानं अर्ज सर्जरीलाच केला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी ‘पात्र’ एवढंच ऐकलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली डॉक्टर म्हणून त्यांनी स्टँडवर माझा भला मोठा फोटो टांगला, खाली ठळक अक्षरांत ‘सर्जन’. “काढा ते,” म्हणून मी भांडले, तर म्हणाले, “आज ना उद्या व्हणारच हाईस की.” निकाल लागला, मला जागा मिळाली नव्हती. त्याच दुपारी एक म्हातारी रिक्षातून नवऱ्याला घेऊन आमच्या दारात आली. वाटेतले तालुक्याच्या आळंदचे दवाखाने ओलांडून ती माझ्याकडं आली होती. त्याचं पोट हाताला फळीसारखं कडक लागलं. “मावशी, मला आपरेशन येत न्हाई. कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच,” मी म्हणाले. “मग फोटूखाली तसं कामून लिवलंय?” तिनं विचारलं. अप्पा मान खाली घालून उभे होते. म्हातारा वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी फ्लेक्स उतरवला आणि खळ्यात पालथा घालून त्यावर तूर पसरली. पुढं मला सर्जरी मिळाली, आज मी रोज पोटं उघडते. पण जागा मिळाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, “गावात कुणाला सांगू नगं, बाई.”