गोठलेल्या खांद्याचे प्रगतिपुस्तक

तीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला स्वतःच्या शरीराचे मोजमाप तरी बिनचूक करता येईल, असा माझा समज होता. गेल्या वर्षी मुलुंडच्या घरी माझा डावा खांदा गोठला आणि तो समज गेला.

गोठलेला खांदा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. मग हात वर जात नाही आणि पाठीमागेही जात नाही. मधुमेह्यांना हा त्रास अधिक होतो, आणि मी त्या यादीत होतेच. माझी वेणी यजमान घालू लागले. ते निवृत्त अभियंते असल्याने वेणी मजबूत असे. ती सुंदर असणे त्यांच्या आराखड्यात नव्हते.

डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. साखर काही दिवस वाढेल, ती तपासत राहा, असे बजावले. इंजेक्शनने दुखणे कमी होईल, हालचाल मात्र व्यायामानेच परत मिळवावी लागेल, हेही सांगितले. सहा आठवड्यांत हात पुरेसा उचलला गेला नाही, तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागणार होता. भुलीची मला विलक्षण धास्ती आहे. मी शुद्धीवर नसताना कोणीतरी माझा हात वाकवणार, ही कल्पनाच सोसवेना. वर्गाकडे पाठ करतानासुद्धा मी अस्वस्थ होत असे.

फिजिओथेरपी केंद्रातल्या मुलीने घरी करण्यासाठी एक व्यायाम दिला: भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची. मी भिंतीवर पेन्सिलीने सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि वहीत दिनांक, सकाळ, संध्याकाळ व शेरा असे रकाने आखले. यजमान आकडा वाचत, मी लिहीत असे. एकशे तीसवरून चौथ्या आठवड्यात मी एकशे अठ्ठावन्नवर पोहोचले. आलेख काढला आणि तो केंद्रातल्या मुलीला दाखवायला नेला.

तिने आलेख पाहिला, माझा हात उचलून पाहिला आणि विचारात पडली. वहीत इतका वर जाणारा हात तिच्या हातात जात नव्हता. तिने मला भिंतीसमोर उभे करून चढायला सांगितले. बोटे वर पोहोचली, तेव्हा ती माझ्या पायांशी वाकली होती.

"काकू, टाचा खाली टेका." मी टेकल्या. बोटे घसरली. "हे मार्क तुमच्या टाचांचे आहेत. खांदा अजून नापासच आहे."

नकळत झाले, असे मी म्हणाले. हेच उत्तर मी वर्गात असंख्य वेळा ऐकले होते आणि एकदाही खरे मानले नव्हते.

घरी येऊन यजमानांना विचारले, टाचा उचललेल्या दिसत नव्हत्या का? "दिसत होत्या की. पण आकडा वाढला की तू दिवसभर खूश असायचीस."

मी सगळ्या नोंदींवर तिरपी रेघ मारून 'रद्द' लिहिले आणि सही केली. खरा आकडा एकशे एकोणपन्नास निघाला. आता यजमान माझ्या टाचांखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्याचे टोक धरत. कागद ओढून निघाला, तर ती नोंद बाद. कागद न सुटता चढणे फार दुखे. कधी एक सेंटिमीटर वाढे, कधी काहीच नाही.

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांकडे गेले आणि काही विचारण्याआधीच सगळे सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकले, मला निजवले आणि हात हळूहळू वर नेला. मी डोळे मिटून घेतले होते.

"भुलीची गरज नाही. व्यायाम सोडू नका, दोन महिन्यांनी या."

हात पुन्हा एकदा उचलून पाहा, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी हात परत उचलला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते.