झडतीवाली

"तोंड उघड. जीभ वर कर."

कामाच्या पहिल्याच संध्याकाळी मला हे ऐकावं लागलं. दारात झडतीवाली बाई, हातात बॅटरी. तिने माझ्या जिभेखाली उजेड पाडला. अंबाडा सोडायला लावला, केसांतून कंगवा फिरवला. मग हात धुवायचे. नळाखाली नाही, पिंपावर. त्या पाण्यात सोन्याची धूळ उतरते म्हणून कंपनी ते पाणी साठवून ठेवायची. आमच्या हातांचा मळसुद्धा मालकाचा.

अंधेरी पूर्वेला, परदेशी दागिने पाठवणारा कारखाना होता तो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. चारकोपच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं, आणि मिळवती मी एकटी. म्हणून जीभ वर केली. रोज केली.

पॉलिशच्या टेबलावर माझ्या शेजारी काकी बसायची. मालवणकडची, चाळिशीची, विधवा. अंगठी बोटांत कशी धरायची हे तिनेच मला शिकवलं. मला चेडवा म्हणायची, म्हणजे पोरी. दुपारी डबा उघडला की सोड्याचं सुकं आधी माझ्या झाकणावर वाढायची, मग स्वतः घ्यायची.

वर्षभराने झडतीवालीने काम सोडलं. मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, अंगावर निळी साडी. आणि माझी झडती घेणारं कुणी नाही. साहेबाच्या केबिनबाहेर मी दोनदा जाऊन उभी राहिले. साहेब मराठीच, शिकलेला, हळू आवाजात बोलणारा.

"तू जरा बऱ्या घरातली दिसतेस," तो म्हणाला. "या बायकांत फार मिसळू नकोस."

मला बरं वाटलं. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. मी बॅटरी घेतली. बायकांच्या तोंडात उजेड पाडू लागले. काकी रांगेत आली की मी कंगवा हलक्या हाताने फिरवायची. तेवढ्याने आपण चांगल्या ठरतो अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी काम सुटताना एक अंगठी कमी भरली. साहेबाने दरवाजा लावून घेतला. पस्तीस बायका रांगेत. पिंपाचं पाणी गाळून झालं, डबे उपडे झाले, चपला उलट्या झाल्या. अंगठी नाही. तिच्यावर शेवटचा हात काकीचा होता.

"हिला पडद्यामागे घे," साहेब म्हणाला. "सगळं काढून बघ."

मी काकीला आत नेलं. ती कानाशी कुजबुजली, "माझी पाळी आसा गो." मी बाहेर येऊन साहेबाला ते सांगितलं. हळूच. म्हणजे तो सोडून देईल असं वाटलं.

"मग कपडा आधी बघ," तो म्हणाला. आवाज तसाच शांत. "तुम्हा लोकांची लपवायची जागा तीच."

मी बघितला. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. काकी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मी तो कपडा हातात घेऊन उलगडला, चाचपला, परत तिच्या हातात दिला.

अंगठी साहेबाच्याच टेबलावर सापडली. सकाळी गिऱ्हाईकाला दाखवायला त्याने स्वतः काढून नमुन्याच्या डबीत ठेवली होती.

"मिळाली," तो म्हणाला. "सोमवारी वेळेवर या."

बस स्टॉपवर मी काकीला गाठलं. म्हटलं, मी काय करणार होते, साहेबाने सांगितलं.

"हात तुझे होते गो चेडवा," ती म्हणाली. "सायब पडद्याच्या भायर उभो होतो."

ती बसमध्ये चढली. मी चढले नाही. मला तिच्या शेजारी उभं राहायची लाज वाटली.

सोमवारी साहेबाने एक वही पुढे सरकवली. कुठल्या बाईची पाळी कधी, ते रोज लिहायचं. त्या दिवसांत झडती पडद्यामागे, कायमची.

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं.

"काय?"

"वही लिहिणार नाही. झडतीही घेणार नाही."

"खालच्या लायकीची माणसं वर बसवली की असंच होतं," तो म्हणाला आणि फाटकाकडे बोट दाखवलं. काकीसकट सगळ्या बायका बघत होत्या. एकीनेही 'शाब्बास' म्हटलं नाही. का म्हणावं?

पुढे बायकांनी युनियन धरली. झडतीविरुद्ध तक्रार करायची ठरली तेव्हा मला माझा जबाब लिहायला बोलावलं. मी सगळं लिहिलं. काकीचं नाव तेवढं लिहिलं नाही. युनियनचा माणूस वाचता वाचता थांबला.

"बाई, 'कपडा मी तपासला' हे काढा. साहेबाने जबरदस्ती केली, एवढंच ठेवा. उगाच तुम्ही अडकाल."

"साहेबाने हुकूम दिला हे खरं आहे," मी म्हटलं. "झडती मी घेतली हेही खरं आहे. दोन्ही राहू द्या."

"नोकरी मिळणार नाही पुन्हा कुठे."

"नको मिळू दे."

त्याने पेन पुढे केलं. मी त्या वाक्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.