एका गाईचं औषध पाच गाईंना

माझ्या मावशीच्या यजमानांइतका न्यायी माणूस सोनईत झाला नाही, आणि त्या न्यायापायी गुरांचं जेवढं नुकसान झालं तेवढं रोगानंही केलं नसेल. काका गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टी आणि सुया त्यांच्याच हाती. दुसऱ्याला वाटून दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. दोघांचा चहा ओतताना ते दोन्ही बशा डोळ्यांसमोर धरून पातळी बघत, तोवर चहा निवून जाई. एकदा त्यांना स्वतःलाच ताप आला. डॉक्टरांच्या दहा गोळ्यांपैकी दोन घेतल्या, बरं वाटलं, तसे उरलेल्या आठ आळीतल्या खोकणाऱ्यांना वाटून आले. मावशी म्हणाली, "आता ताप बी वाटून या जरा."

दवाखान्यात पेनिसिलीन मोजकंच यायचं. गाईची कास सुजून दगडी झाली, की पाच दिवस रोज सुई द्या, असं डॉक्टर सांगून जात. काका ते पाच दिवस पाच गाईंना वाटत. "एकीलाच समदं? बाकीच्यांनी काय पाप केलंय?" गाय दुसऱ्या दिवशी दुधाला उभी राही आणि गाव काकांना दुवा देई. मी तेव्हा पत्रकं वाचून पेटलेलो. समान वाटप काकांकडून शिका, असं पारावर ठणकावून सांगत असे.

मग काकांच्याच कपिलीची कास दगडी झाली. या वेळी डॉक्टरांनी समोर उभं राहून पाचही सुया द्यायला लावल्या. सूज हटेना, दुधाऐवजी पू येऊ लागला. "काका, अर्धवट औषधानं दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "तेच आता गोठ्यागोठ्यांत फिरतायत. पेनिसिलीनला भीत नाहीत."

काकांचा हात कासेवरच होता. "म्हंजी मीच पोसले व्हय."

कपिली जगली, पण कायमची आटली. त्यानंतर काका एका गाईला सुई सुरू केली की तिचे पाचही दिवस पुरे करत, आणि औषध संपलं की दारात आलेल्याला हात जोडत. "लई सायेब झालाय गडी," लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलत. मी पारावर त्यांची बाजू मांडायला गेलो, तर एक म्हातारा म्हणाला, "समद्यांला सारखं द्या, आसं तूच सांगत हुतास न्हवं?" मी खाली उतरलो.

शेजारच्या आळीतल्या एका विधवेच्या म्हशीला काकांनी असंच परत पाठवलं होतं. म्हैस गेली. तेव्हापासून ते सरळ रस्ता सोडून, चपला हातात घेऊन, ओढ्याच्या चिखलातून दवाखान्यात जाऊ लागले. एवढा वळसा कशाला, म्हणून मी विचारलं.

"तिच्या दारावरनं पाऊल पडत न्हाई रे," काका म्हणाले.